सागाचीं करपलेलीं पानें : कीड कोणती व भय किती?

भाद्रपद अर्धा सरला म्हणजे महाडाहून पोलादपुराकडे, किंवा बिरवाडीवरून वरंध घाटाकडे जाणाऱ्या कोणाच्याही दृष्टीस एक गोष्ट पडल्यावांचून राहत नाहीं. भोंवतालचीं सर्व झाडें हिरवींगार असतां सागाचीं तेवढीं पानें तांबूस व वाळल्यासारखीं दिसतात. कांहीं ठिकाणीं तर वणवा फिरून गेल्यासारखा सागाचा सबंध पट्टा करपलेला असतो. जवळ जाऊन पान हातीं घ्यावें तों त्यांतील हिरवा भाग नाहींसा होऊन शिरांची केवळ जाळी उरलेली आढळते. यास कोणी 'साग जळाला' म्हणतो, कोणी हवेचा दोष सांगतो, तर कोणी झाडास रोग लागला असें ठरवून मोकळा होतो.

हा तिसरा समज खातेदारास महाग पडणारा आहे. बांधावर, वरकस जमिनींत किंवा डोंगरउतारावर ज्यांचे मालकीचे साग आहेत त्यांच्या दारीं याच सुमारास लाकडाचे गिऱ्हाईक येतें. झाड रोगट झालें आहे, पुढच्या सालीं आंतून पोकळ होईल, आतांच काय येईल तें पदरांत पाडून घ्या, असा त्याचा उपदेश असतो. आम्ही महसुली कारकुनींत होतों त्या काळांत झाड तोडण्याच्या परवानगीचे जे अर्ज आमच्या हातांखालून गेले त्यांपैकीं आश्विन-कार्तिकांतील कित्येकांत झाड रोगट असल्याचेंच कारण लिहिलेलें असे. तीस-पस्तीस वर्षें ज्याची वाट पाहिली तें झाड एका सुरवंटाच्या भयानें अर्ध्या किंमतीस जावें ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून ही कीड कोणती, ती झाडाचें काय बिघडविते, आणि शेतकऱ्यानें काय करावें व काय करूं नये, याचा विचार या लेखांत केला आहे.

साग हें आपलें ठेवीचें झाड

महाड व पोलादपूर हे तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसले आहेत. पाऊस वर्षास शंभर इंचांहून अधिक पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. भाताची जमीन थोडी. बाकी डोंगर, वरकस व माळ. अशा जमिनींत जीं झाडें आपोआप येतात किंवा थोड्या श्रमानें वाढतात त्यांत साग, ऐन, किंजळ, खैर हीं मुख्य होत. त्यांतही घराचें आढें, तुळई, दाराची चौकट, यांस सागासारखें लाकूड नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) आरमारासाठीं सागादि झाडें परवानगीनें व हिशेबानें तोडावीं अशी दृष्टि ठेविलेली आहे, यावरून या झाडाची योग्यता आपल्या राज्यकर्त्यांनीं तेव्हांच ओळखली होती असें दिसतें.

भात हें आपलें वर्षाचें पीक, तर साग ही आपली ठेव. मुलीचें लग्न, घराची दुरुस्ती, मुलाचें शिक्षण अशा प्रसंगीं ती मोडावयाची. ठेवीवर कोणी हात मारीत असेल तर तो कोण हें मालकास ठाऊक असलें पाहिजे.

एक नव्हे, दोन कीटक

सागाचीं पानें खाणारे कीटक पुष्कळ आहेत; परंतु त्यांत प्रमुख दोन आहेत आणि ते दोन्ही पतंग जातीचे आहेत. पतंग म्हणजे दिव्याभोंवतीं फिरणारी पाकोळी. ती स्वतः पान खात नाहीं. ती पानावर अंडीं घालते, अंड्यांतून अळी निघते, अळी पान खाऊन वाढते, वाढ पुरी झाल्यावर कोषांत जाते आणि कोषांतून पुन्हां पतंग बाहेर पडतो. भातावरील खोडकिडा व पानें गुंडाळणारी अळी हींही याच प्रकारचीं; मात्र त्यांच्या जाती निराळ्या आहेत. सागावरील या दोन अळ्या भात खात नाहींत. सबब सागाच्या बांधावरून कीड खाचरांत उतरेल ही भीति कोणी बाळगूं नये.

पहिला कीटक शास्त्रज्ञांच्या भाषेंत हायब्लिया प्युएरा. आपण त्यास 'पान खाणारी अळी' म्हणूं. हॉलंडांतील क्रामर यानें १७७७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणजे त्याची ओळख शास्त्रास अडीचशें वर्षांची आहे. याच्या पतंगाचे पुढचे पंख करड्या-तपकिरी रंगाचे असून तो बसला असतां वाळक्या पानासारखा दिसतो. मागचे पंख काळे व त्यांवर नारिंगी-पिंवळे पट्टे असतात. पंख पसरले असतां तो सुमारें दीड इंच भरतो. मादी कोंवळ्या पानाच्या खालच्या अंगास एकेक करून सुमारें ५०० अंडीं घालते. अळी पुरी वाढल्यावर दीड इंचापर्यंत लांब होते; रंग बहुधा काळसर, अंगावर फिकट रेघा. ती पानाची कड कातरून दुमडते व त्या घडींत लपून राहते. घडींतून बाहेर येऊन पान खाते. धक्का लागला कीं रेशमासारख्या तंतूवरून खालीं लोंबते. ती पानाची मधली शीर व जाड शिरा तेवढ्या ठेवते, बाकी सर्व फस्त करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा तिचा सर्व संसार पावसाळी हवेंत अवघ्या तीन आठवड्यांत पुरा होतो.

दुसरा कीटक युटेक्टोना मॅचेरॅलिस. अलीकडे कित्येक ग्रंथांत त्याच्या कुळाचें नांव पॅलिगा असेंही देतात. आपण त्यास 'पानाची जाळी करणारी अळी' म्हणूं. हा पतंग लहान, पंख पसरून एक इंचाच्या आंतबाहेर. रंग पिंवळा व त्यावर तांबूस नागमोडी रेघा. अळीही लहान, हिरवट रंगाची व अंगावर काळसर-जांभळ्या छटा असलेली. ती पानाच्या खालीं बारीक जाळें विणून त्याच्या आडोशास राहते आणि शिरांच्या मधला मऊ भाग तेवढा खाते. लहानांतली लहान शीरही ती सोडून देते, म्हणून पानाची जाळी उरते. भाद्रपद-आश्विनांत डोंगर करपलेला दिसतो तो हिच्यामुळें.

ओळखण्याच्या खुणा

दोघांचा घोटाळा होऊं नये म्हणून चार खुणा लक्षांत ठेवाव्या.

पहिली खूण काळाची. पान खाणारी अळी कोंवळ्या पालवीवर येते, म्हणजे मृगाच्या आगेमागें पालवी फुटल्यापासून आषाढ-श्रावणापर्यंत. जाळी करणारी अळी जून झालेल्या पानावर येते. तिचा भर पाऊस ओसरूं लागल्यावर, श्रावणाच्या अखेरीपासून पान गळेपर्यंत.

दुसरी खूण पानाची. पहिलीच्या मागें काड्यांसारख्या जाड शिरा उरतात आणि झाड बोडकें दिसतें. दुसरीच्या मागें पान आकारानें पुरें राहतें, पण त्याची चाळण झालेली असते आणि झाड करपलेलें दिसतें.

तिसरी खूण अळीची. मोठी, काळसर व पानाच्या घडींत राहणारी ती पहिली. लहान, हिरवट व जाळ्याखालीं राहणारी ती दुसरी.

चौथी खूण झाड जिवंत आहे कीं नाहीं याची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. एखाद्या डहाळीची साल नखानें खरवडावी. खालीं ओला हिरवा थर दिसला व टोंकाचा डोळा टणक असला तर झाड निरोगी आहे. जाळी झालेल्या शंभर झाडांवर ही परीक्षा करून पाहिली तरी बहुतेक सर्व उत्तीर्ण होतील. कीड पानांत आहे, लाकडांत नाहीं. पान खाणाऱ्या अळीनें खोड पोकळ होत नसतें; 'आंतून पोकळ होईल' या म्हणण्यास कांहीं आधार नाहीं.

दिसतें तें आणि बिघडतें तें

आतां मुख्य प्रश्न नुकसानीचा. सामान्य समजूत अशी कीं, जी कीड डोळ्यांस भयंकर दिसते ती अधिक घातक. येथें प्रकार नेमका उलटा आहे.

केरळांत नीलांबुर येथें सागाची फार जुनी लागवड आहे. मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनीं चातू मेनन यांच्या साह्यानें १८४० नंतरच्या दशकांत ती सुरू केली. त्याच प्रदेशांत केरळ वनसंशोधन संस्थेचे (पीची, स्थापना १९७५) कीटकशास्त्रज्ञ के. एस. एस. नायर व त्यांचे सहकारी यांनीं कोंवळ्या सागाच्या लागवडींत सतत पांच वर्षें एक प्रयोग केला. कांहीं वाफे औषध मारून किडीपासून पूर्ण राखिले व कांहीं निसर्गावर सोडून दिले. १९८५ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. राखिलेल्या झाडांचें लाकूड दर हेक्टरीं दरसाल ६·७ घनमीटर वाढलें. न राखिलेल्यांचें ३·७ घनमीटर. म्हणजे जें लाकूड व्हावयाचें त्यांतील शेंकडा ४४ भाग किडीनें खाल्ला. आणि हें सर्व नुकसान पान खाणाऱ्या अळीचें होतें. जाळी करणाऱ्या अळीमुळें वाढींत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. पान हें झाडाचें स्वयंपाकघर होय. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत जमिनींत ओल असते, ऊब असते आणि पालवी नवी असते. झाडाची वर्षाची मिळकत बहुतेक याच काळांत होते. त्या वेळीं पालवी खाल्ली गेली म्हणजे झाडास मुळांत व खोडांत सांठविलेली शिदोरी खर्च करून पुन्हां पालवी काढावी लागते. पुढील दीड-दोन महिन्यांची मिळकत बुडते आणि शिल्लकही खर्ची पडते. शिवाय कोंवळ्या झाडाचा शेंडा खाल्ला गेला तर बाजूच्या डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात, खोड दुभंगतें आणि सरळ लांब सोट मिळत नाहीं. भाद्रपदानंतर मात्र वाढीचे दिवस संपत आलेले असतात. जें पान थंडीनंतर आपोआप गळावयाचेंच, तें जाळी होऊन थोडें आधीं गळालें एवढाच फरक.

आतां पाहा, शेतकरी केव्हां काय पाहतो. ज्येष्ठ-आषाढांत तो लावणींत गुंतलेला असतो. डोंगर ढगांत, मान चिखलाकडे. तीन आठवड्यांत अळी येते, पान खाते व जाते; पुन्हां पालवी फुटते, आणि नारळी पौर्णिमेला वर पाहावें तों झाड हिरवें. चोरी झाली, परंतु दार लावलेलें दिसलें म्हणून घरधन्यास कळली नाहीं! भाद्रपदांत उसंत मिळते, ऊन पडतें, आणि तेव्हां जाळी झालेला डोंगर दिसतो. निरुपद्रवी कीटकास शिव्या मिळतात व खरा चोर सुटतो.

नीलांबुरचे आंकडे जसेच्या तसे आपल्या डोंगरास लावावे असें आमचें म्हणणें नाहीं. तेथें मैलोगणती एकटा साग आहे, पाऊस निराळा, आणि कीडही वर्षांतून अनेकदां उठते. आपल्याकडे साग इतर झाडांत मिसळलेला आहे. म्हणून शेंकडा ४४ हा आंकडा आपला नव्हे; परंतु कोणता पतंग पहिल्या प्रतीचा शत्रु व कोणता केवळ दिसण्यास भयंकर, हें तारतम्य येथेंही तेंच आहे.

ही पहिली अळी केवळ सागावरच राहते असेंही नाहीं. मुंबईच्या खाड्यांतील तिवरांचीं पानें तिनें खाऊन टाकल्याचीं निरीक्षणें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रसिद्ध झालीं आहेत. जावा बेटांत सागाच्या वनांत तिचे कोष सुटले म्हणजे तेथील लोक ते गोळा करून तळून खातात. एकाचा चोर तो दुसऱ्याचें भोजन!

परदेशांतील एक उदाहरण

युरोपांत आल्प्स पर्वतावर लार्च नांवाचा वृक्ष होतो. तो देवदार-चीड यांच्या वर्गांतील असून त्या वर्गांतील बहुतेक झाडें सदाहरित असतां हा मात्र हिंवाळ्यांत सागाप्रमाणें पानें टाकतो. त्यावर एक लहानसा राखी पतंग आहे. स्वित्झर्लंडांतील एंगाडीन खोऱ्यांत दर आठ-दहा वर्षांनीं त्याच्या अळ्या इतक्या माजत कीं ऐन उन्हाळ्यांत सबंध डोंगर तांबूस होई. पाहणारास वाटे, वन मेलें. परंतु कांहीं आठवड्यांत झाडें पुन्हां पालवत. त्या सालचें लाकडांतील वलय मात्र बारीक राही. जुन्या घरांच्या तुळयांतील अशीं बारीक वलयें मोजून शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं या किडीच्या सुमारें १,२०० वर्षांच्या फेऱ्यांचा हिशेब लाविला. १९८१ नंतर कित्येक वर्षें हा फेरा थंडावला. हवा उष्ण होत चालल्याचा हा परिणाम असावा असें ते म्हणतात.

याच वृक्षावरील दुसरा एक पतंग याहूनही लहान. त्याची अळी पोखरलेल्या पानाचीच पिशवी करून ती अंगावर घेऊन फिरते. युरोपांत तिच्यावर शत्रूंचा वचक होता. ती झाडांबरोबर अमेरिकेंत गेली व तेथें १८८६ सालीं प्रथम आढळली. शत्रु मागें राहिल्यामुळें ती तेथें बेफाम वाढली. तेव्हां १९३० नंतरच्या दशकांत युरोपांतून तिचे परजीवी कीटक नेऊन सोडावे लागले, आणि त्या बारीक गांधीलमाश्यांनीं तिला पुष्कळ आटोक्यांत आणलें.

या दोन गोष्टींपासून घ्यावयाचे धडे दोन. पानें गेलीं म्हणजे झाड गेलें असें नव्हे. आणि किडीचा खरा बंदोबस्त तिचे शत्रु करतात.

किडीचे शत्रु, आपले मित्र

एका मादीचीं ५०० अंडीं. त्यांतून निम्म्या माद्या झाल्या असें धरलें तर २५०; त्यांचीं अंडीं १,२५,०००. हा हिशेब सहा आठवड्यांचा. सर्व जगलीं असतीं तर सह्याद्रीवर हिरवें पान उरलें नसतें. तें उरतें, कारण कोतवाल, साळुंकी, कावळे यांसारखे पक्षी अळ्या वेंचून खातात. मुंग्या व कोळी त्यांचा फडशा पाडतात. कांहीं जातींच्या माश्या अळीच्या अंगावर अंडीं घालतात व त्यांचीं पिलें अळीस आंतून खातात. कांहीं बारीक कीटक तर पतंगाच्या अंड्यांवरच उपजीविका करतात. खेरीज या अळीस एक विषाणुजन्य रोग होतो. तो केरळांतील शास्त्रज्ञांनीं १९८८ सालीं वर्णन केला आणि त्यापासून फवारणीचें द्रव्यही तयार केलें आहे. हा विषाणु त्या अळीपुरताच असल्यामुळें त्याचा इतरांस उपद्रव नाहीं.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील बीसन यांनीं हिंदुस्थानांतील वनकीटकांवर १९४१ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. सागाच्या किडीवर त्यांचें सांगणें हेंच होतें कीं, एकट्या सागाची सलग लागवड करूं नये. मध्यें मध्यें नैसर्गिक रान राखावें व खालचीं झुडपें साफ उपटूं नयेत, म्हणजे किडीच्या शत्रूंस थारा राहतो. इतक्या वर्षांनंतरही हा सल्ला जुना झालेला नाहीं. आपल्या देवराया हें त्याच धोरणाचें जुनें रूप आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शेतकऱ्यानें काय करावें

१. जाळी झालेली पानें पाहून झाड विकूं नये. नखाची परीक्षा करावी. झाड देण्याची वेळ त्याच्या घेरावरून व घरच्या गरजेवरून ठरवावी. पानांच्या रंगावरून ठरवूं नये.

२. मोठ्या झाडांवर विषारी औषध मारूं नये. चाळीस-पन्नास फुटांवर तें नीट पोंचत नाहीं, आपल्या पावसांत टिकत नाहीं, आणि धुऊन खालीं वहाळांत व तेथून भाताच्या खाचरांत जातें. त्यानें मासे व मधमाश्या मरतात आणि किडीच्या आधीं किडीचे शत्रु मरतात. पैसा खर्चून शत्रूस मोकळें रान करून देण्याचा हा उद्योग आहे.

३. रोपवाटिका व पहिल्या तीन-चार वर्षांचीं झाडें यांची गोष्ट निराळी. तेथें ज्येष्ठ-आषाढांत आठवड्यांतून एकदां फेरी घालावी. दुमडलेलीं पानें दिसतील तीं हातानें चिरडावीं किंवा खुडून नष्ट करावीं. घरांतील एखादें मूल हें काम तासाभरांत करतें. उपद्रव फार असेल तर निंबोळीचा शेंकडा ५ चा अर्क, किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचें बाजारांत मिळणारें द्रव्य, पावसाची उघडीप पाहून संध्याकाळीं फवारावें. हा जिवाणु अळ्यांवर चालतो. गुरांमाणसांस त्याचा अपाय नाहीं.

४. शेंडा खाल्ला जाऊन दोन फुटवे आले असतील तर पाऊस संपल्यावर त्यांतील सरळ व जोमदार फुटवा ठेवून दुसरा धारदार कोयत्यानें अंगाबरोबर काढावा. हें काम पहिल्या चार वर्षांत केलें तर सोट सरळ येतो. पुढें केलें तर केवळ जखम राहते.

५. नवी लागवड करतांना सागाच्या दोन-तीन ओळींनंतर ऐन, किंजळ, खैर, हिरडा, बांबू यांची एक ओळ घ्यावी. यानें कीड एका झाडावरून दुसऱ्यावर सरळ धांवत नाहीं. शिवाय राबासाठीं टहाळही घरचा मिळतो. सागाच्या फांद्या मात्र राबासाठीं छाटूं नयेत. जखमी झाडांत खोड पोखरणारी निराळी कीड शिरते, आणि ती मात्र लाकूड खरोखरच बिघडविते.

६. वणवा लागूं देऊं नये. पाला जाळल्यानें कीड मरते असें कित्येक म्हणतात. परंतु पाल्याबरोबर किडीचे शत्रुही जळतात, रोपें होरपळतात आणि मोठ्या झाडांच्या बुंध्यास जखमा होतात.

७. एक वही ठेवावी. दरसाल मार्गशीर्षांत प्रत्येक सागाचा जमिनीपासून साडेचार फुटांवरील घेर मोजून लिहावा. ज्येष्ठ-आषाढांत पालवी खाल्ली गेली कीं नाहीं तेंही लिहावें. चार-पांच वर्षांत कोणत्या सालीं झाड किती वाढलें व किडीनें किती नेलें हें कागदावर दिसूं लागेल. सागाच्या लाकडांत वर्षाचीं वलयें स्पष्ट उमटतात, म्हणून तोडलेल्या ओंडक्यावरही हा हिशेब ताडून पाहतां येतो. ज्याची वही चोख तो सौद्यांत फसत नाहीं. शंका आल्यास पानें व अळ्या कागदांत गुंडाळून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठांत दाखवाव्या; तेथें वनशास्त्राचें महाविद्यालय आहे.

तोडण्यापूर्वीं दोन शब्द

साग मालकीचा असला तरी तो तोडण्यास महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वयें परवानगी लागते, आणि लाकूड हलविण्यास पासही लागतो. कित्येक खातेदार या खटपटीस कंटाळून सर्व कारभार खरेदीदाराच्या हातीं सोंपवितात व कोऱ्या कागदावर सही देतात. असें करूं नये. सातबारा उताऱ्यावर झाडांची नोंद आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. जमीन सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची संमति लेखी घ्यावी. झाडांची संख्या व प्रत्येकाचा घेर अर्जांत स्वतः लिहावा. किती झाडें जाणार हें कागदांत मोघम राहिलें म्हणजे डोंगरावर तें कधींच मोघम राहत नाहीं.

दुसरें असें कीं, आपले साग बहुतेक उतारावर आहेत. जुलै २००५ मध्यें दासगांव, जुई येथें व २२ जुलै २०२१ रोजीं तळीये, तसेंच पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर सुतारवाडी येथें डोंगर खचून जो अनर्थ झाला तो कोणीही विसरलेला नाहीं. इतक्या मोठ्या पावसांत दरडी कोसळण्यास अनेक कारणें असतात, आणि झाडें असतीं तर तें टळलेंच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुळें माती धरून ठेवतात हें बांध घालणाऱ्या प्रत्येक माणसास ठाऊक आहे. वस्तीच्या वरच्या उतारावरील झाडें एका किडीच्या भयानें एका हंगामांत साफ करणें हें शहाणपणाचें नाहीं, एवढें तरी निश्चित. विकावयाचेंच असेल तर पक्व झालेलें एकेक निवडून, मध्यें अंतर राखून तोडावें. बुंधा जमिनीलगत कापावा, म्हणजे त्यास नवे फुटवे येतात.

सारांश, भाद्रपदांत डोंगर करपलेला दिसला तर घाबरूं नये, आणि आषाढांत तो हिरवा आहे असें गृहीत धरून स्वस्थ बसूं नये. लावणीच्या गडबडींत आठवड्याची एक फेरी लहान सागांवर घालावी. तेवढ्यानें पुष्कळ काम होतें. येत्या पावसाळ्यांत ज्यांच्या रानांत पालवी खाणारी अळी दिसेल त्यांनीं गांव, तारीख व झाडांचें अंदाजी वय लिहून या मासिकाकडे कळवावें. दोन तालुक्यांतील पन्नास शेतकऱ्यांनीं तीन वर्षें असें केलें तर नीलांबुरच्या आंकड्यांवर अवलंबून न राहतां आपल्या डोंगराचा हिशेब आपल्यापाशीं होईल.